घोडीच्या धमनीपासून आपल्या दंडापर्यंत : रक्तदाबाच्या आकड्यावर विश्वास कसा बसला



आज इतिहासाच्या व्याख्यानाला आलात आणि टेबलावर बीपीची तीन मशीनं मांडलेली दिसतायत. एक पाऱ्याचं, एक काट्याचं, एक सेलवर चालणारं. आत येताना दोघा-तिघांनी विचारलंही, की आज तपासणी शिबिर आहे का? शिबिर नाही. पण ज्यांना शेवटी दंड पुढे करायचा असेल त्यांनी खुशाल करावा. त्याआधी तासभर इतिहास ऐकावा लागेल, एवढीच अट.

हा विषय घेण्यामागे एक घरगुती कारण आहे. आमच्या आईला बरीच वर्षं बीपीची गोळी चालू आहे. तळोद्यात दवाखाना काही लांब नाही, पण दर वेळी कोणीतरी घेऊन जायला हवं, म्हणून घरीच मशीन आणलं. दुकानात जे पुढे आलं ते घेतलं. खोक्यावर चांगलं चकचकीत चित्र होतं. महिनाभर रोज सकाळी मोजलं, वरचा आकडा १३० च्या आसपास. आई खूश. म्हणाली, "आता बीपी नॉर्मल आहे, मग गोळी कशाला?" आणि तिने दोन दिवस गोळी घेतलीसुद्धा नाही. पुढे डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी आधी तिचा दंड पाहिला, मग आमच्या मशीनचा पट्टा पाहिला. आईचा दंड बारीक, २० सेंटिमीटर. पट्ट्यावर छापलेलं होतं २२ ते ३२. त्यांनी लहान पट्टा लावून दोनदा मोजलं. आकडा १४० ला टेकला.

मशीन बिघडलेलं नव्हतं. दुकानदारानेही फसवलं नव्हतं. पण चुकीच्या आकड्यावर विसंबून आम्ही एका म्हाताऱ्या बाईची गोळी बंद होऊ देत होतो. हे कसं झालं याचा शोध घेत आम्ही मागे गेलो, तर ही पट्ट्याची चूक १२० वर्षांहून जुनी निघाली. ती कोणी केली, कोणी दुरुस्त केली, आणि तरी ती आपल्या घरात कशी शिरली, हाच आजचा विषय.

नऊ फुटांची नळी

सुरुवात इंग्लंडमध्ये होते. स्टीफन हेल्स नावाचे एक पाद्री होते. धर्माचं काम सांभाळून प्रयोग करायची त्यांना भारी हौस. झाडांच्या खोडात रस किती जोराने चढतो हे त्यांनी मोजलं होतं. मग प्रश्न पडला, रक्त किती जोराने वाहतं? त्यांनी एक घोडी बांधून आडवी केली, तिच्या जांघेतल्या धमनीत पितळेची बारीक नळी बसवली आणि तिला नऊ फुटांची काचेची नळी जोडली. रक्त नळीत चढत गेलं ते ८ फूट ३ इंचांवर जाऊन थांबलं, आणि मग प्रत्येक ठोक्यासरशी वरखाली होऊ लागलं. हे त्यांनी १७३३ मध्ये पुस्तकात छापलं.

आज हे वाचताना अंगावर काटा येतो. पण यातून पहिल्यांदा कळलं की रक्ताच्या जोराला उंचीच्या मापात सांगता येतं.

आता नऊ फुटांची नळी घेऊन कोण फिरणार? १८२८ मध्ये फ्रान्सच्या प्वाझय यांनी नळीत पारा घातला. पारा पाण्यापेक्षा १३.६ पट जड. म्हणजे जे माप फुटांमध्ये येत होतं ते आता मिलिमीटरमध्ये आलं. आपण '१२०' म्हणतो ते १२० मिलिमीटर पाऱ्याची उंची. तेवढाच दाब पाण्याच्या नळीत मोजला, तर पाणी साधारण ५ फूट ४ इंच चढेल. माणसाच्या उंचीएवढं! हृदय प्रत्येक ठोक्याला एवढा जोर लावतं.

याच हिशोबातून एक रोजच्या उपयोगाची गोष्ट निघते, ती इथेच सांगून टाकतो. रक्त पाण्याहून थोडंसंच जड असतं. त्यामुळे हात हृदयाच्या पातळीपेक्षा १० सेंटिमीटर खाली लोंबत असेल, तर त्या दहा सेंटिमीटर रक्ताचं वजन मशीन मोजतं, आणि आकडा सात-आठने जास्त येतो. म्हणून हात टेबलावर, छातीच्या पातळीत ठेवायचा. हा काही डॉक्टरांचा शिष्टाचार नाही, हेल्स साहेबांच्या नळीचंच गणित आहे.

सायकलची ट्यूब आणि अरुंद पट्टा

पण अजून धमनी कापल्याशिवाय मोजता येत नव्हतं. जिवंत माणसाचं माप घ्यायचं तर बाहेरून घ्यायला हवं. अनेकांनी खटाटोप केले. व्हिएन्नाच्या फॉन बाश यांनी १८८० च्या सुमारास मनगटावर दाब देऊन नाडी बंद करायचं उपकरण केलं. पण आपल्या ओळखीचं यंत्र दिलं ते इटलीच्या शिपिओने रिवा-रोच्ची यांनी, १८९६ मध्ये, तुरिन शहरात.

त्यांची कल्पना साधी होती. दंडाला रबरी पट्टा गुंडाळायचा, त्यात हवा भरायची, ती हवा पाऱ्याच्या नळीला जोडायची. मनगटावर नाडी बोटाने धरून ठेवायची. हवा भरत गेलं की एका क्षणी नाडी लागेनाशी होते. त्या क्षणी पारा जिथे असेल तो वरचा दाब. आणि साहित्य काय? सायकलच्या चाकाची आतली ट्यूब! यंत्र स्वस्त असावं आणि साध्या दवाखान्यातही वापरता यावं, असं ते झालं. १९०१ मध्ये अमेरिकेचे मेंदूचे शल्यचिकित्सक हार्वी कुशिंग इटलीत पाविआला गेले, तिथल्या इस्पितळात त्यांनी हे यंत्र पाहिलं, त्याचं चित्र काढून घेतलं आणि ते बाल्टिमोरला घेऊन गेले. तिथून त्याचा प्रसार झाला.

आता पट्टा बघा. सायकलच्या ट्यूबची रुंदी ती किती? चार-पाच सेंटिमीटर. एवढ्या अरुंद पट्ट्याने जाड दंड दाबायचा तर दाब आतपर्यंत नीट पोचत नाही, जास्त हवा भरावी लागते, आणि आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो. दोरीने पोतं आवळायला किती जोर लागतो आणि रुंद पट्ट्याने किती, हे इथल्या शेतकऱ्यांना सांगायला नको. १९०१ मध्येच जर्मनीच्या हाइनरिश फॉन रेकलिंगहाउझेन यांनी ही चूक दाखवून दिली आणि १२-१३ सेंटिमीटर रुंदीचा पट्टा सुचवला. आज मोठ्यांसाठी जो नेहमीचा पट्टा आहे तो साधारण त्याच रुंदीचा आहे.

म्हणजे यंत्र आल्यावर पाच वर्षांत कळलं होतं की पट्टा दंडाला साजेसा हवा. नियमही पुढे पक्का झाला: पट्ट्याच्या आतली हवेची पिशवी रुंदीला दंडाच्या घेराच्या ४० टक्के आणि लांबीला ८० टक्के असावी. पट्टा लहान पडला तर आकडा फुगतो, मोठा पडला तर आकडा खाली येतो. अमेरिकेत २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे स्वयंचलित मशीनवर पुन्हा तपासलं. ज्यांना सर्वांत मोठा पट्टा लागतो, त्यांना नेहमीचा लावला तर वरचा आकडा सरासरी १९.५ ने जास्त आला. ज्यांना लहान पट्टा लागतो, त्यांना नेहमीचा लावल्यावर सरासरी ३.६ ने कमी आला. सरासरी आहे ही. एखाद्या माणसात फरक कमीही असेल, जास्तही.

आता ही गोष्ट तळोद्याशी कशी जोडली जाते ते पाहा. शहरातले डॉक्टर, वर्तमानपत्रं, सगळे जाड दंडाबद्दल बोलतात, कारण तिथे वजन वाढण्याचा प्रश्न मोठा. आपल्याकडे तोही आहे, बाजारपेठेत आहे, नोकरदारांत आहे. पण सातपुड्याच्या पाड्यांवरची माणसं, ऊसतोडीला गुजरातेत जाणारी माणसं, आपल्या घरातल्या म्हाताऱ्या बाया, यांचे दंड आठवून बघा. कित्येकांचे २२ च्या आत भरतील. त्यांच्यासाठी नेहमीचा पट्टा मोठा पडतो आणि आकडा खोटा दिलासा देतो. जास्त आकडा आला तर माणूस निदान घाबरून डॉक्टरकडे तरी जातो. कमी आला तर घरी बसतो. म्हणून आपल्या भागात ही दुसरी चूक जास्त घातक आहे, असं आमचं मत आहे.

कान लावून ऐकणारा शल्यचिकित्सक

रिवा-रोच्चींच्या यंत्राला फक्त वरचा आकडा कळत होता. खालचा आकडा दिला रशियाच्या निकोलाय कोरोत्कोव यांनी. ते लष्करी वैद्यकीय अकादमीतले तरुण शल्यचिकित्सक. युद्धात जखमी झालेल्या रक्तवाहिन्यांवर ते काम करत. धमनीला कान लावून ऐकायची त्यांना सवय होती. १९०५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला त्यांनी एक छोटं टिपण वाचलं, एका पानातही मावेल एवढं. पट्ट्याच्या खाली, कोपराच्या खोबणीत स्टेथोस्कोप ठेवा. हवा सोडत जा. पहिला ठोका ऐकू आला की वरचा दाब, आवाज नाहीसे झाले की खालचा दाब. बस, एवढंच.

पुढची ऐंशी-नव्वद वर्षं जगभर हेच चाललं. आपल्यापैकी ज्यांनी सरकारी दवाखान्यात पाऱ्याचा उभा डबा पाहिलाय, सिस्टर कानात नळ्या घालून फुगा दाबतायत हे पाहिलंय, त्यांनी रिवा-रोच्ची आणि कोरोत्कोव या दोघांनाही पाहिलंय असं समजा.

मुंबईचा एक प्रयोग

इथे महाराष्ट्राचा भाग येतो, आणि तो मोठा आहे. सर्पगंधा ही वनस्पती आपल्या वैद्यांना शतकानुशतकं माहीत होती. झोप येण्यासाठी, वेड लागलेल्यांना शांत करण्यासाठी तिचं मूळ देत. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिलं की तिने रक्तदाबही उतरतो. मग मुंबईच्या केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांना सर्पगंधेच्या गोळ्या देऊन आकडे नोंदवले, आणि १९४९ मध्ये ते 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापले. जगाचं लक्ष तेव्हा या मुळीकडे गेलं. १९५२ मध्ये स्विस रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसरपिन हे द्रव्य वेगळं काढलं, आणि १९५७ मध्ये डॉ. वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

आम्हाला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. मुळी तीच होती. शेकडो वर्षं होती. पण तिने दाब किती उतरतो हे सांगायला पट्टा आणि पारा लागला. मोजमाप विश्वासाचं असल्याशिवाय औषध विश्वासाचं ठरत नाही. (आणि एक विनंती, कोणी उद्या सर्पगंधेची मुळी उगाळून घेऊ नका. तिने मन खिन्न होतं, हे नंतर दिसून आलं. आज तिच्यापेक्षा चांगल्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतात.)

उलट बाजूही सांगायला हवी. आकडा बरोबर असून उपयोग नाही, तो मानायला हवा. अमेरिकेचे अध्यक्ष रुझवेल्ट यांना मार्च १९४४ मध्ये डॉ. ब्रुएन यांनी तपासलं तेव्हा दाब १८६/१०८ होता. ते तसेच युद्ध चालवत राहिले, निवडणूकही लढले. १२ एप्रिल १९४५ ला मेंदूत रक्तस्राव होऊन गेले, तेव्हाचा आकडा ३००/१९० नोंदलेला आहे. जगातल्या सर्वांत सामर्थ्यवान माणसाकडे यंत्र होतं, डॉक्टर होते. पण उपचार फारसे नव्हते, आणि वय वाढलं की दाब वाढायचाच अशी तेव्हा पुष्कळांची समजूत होती. तीन वर्षांनी, १९४८ मध्ये, अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात ५,२०९ माणसांची वर्षानुवर्षं नोंद ठेवायला सुरुवात झाली, आणि वाढलेला दाब हृदयविकाराला आणि पक्षाघाताला आमंत्रण देतो हे आकड्यांनिशी सिद्ध झालं.

पारा गेला, कान गेले

पाऱ्याचं यंत्र हे बाकी सगळ्या यंत्रांचं माप होतं. बाजारात जसं छाप मारलेलं वजन, तसं. पण पारा विषारी. जपानच्या मिनामाता खाडीत कारखान्याचा पारा समुद्रात गेला, तो माशांत गेला, माशांतून माणसांत गेला. १९५६ मध्ये तो आजार अधिकृतपणे नोंदला गेला. त्याच गावाचं नाव दिलेला आंतरराष्ट्रीय करार २०१३ मध्ये झाला, २०१७ मध्ये अमलात आला, आणि २०१८ मध्ये भारताने त्याला मान्यता दिली. पाऱ्याची बीपी मशीनं हटवायचं त्यात ठरलं. टेबलावरचं हे पाऱ्याचं मशीन म्हणूनच आज दाखवण्यापुरतं आहे. कोणाच्या घरी असेल तर फोडू नका, कचऱ्यात टाकू नका, मुलांच्या हातात देऊ नका.

त्याच्या जागी दोन प्रकार आले. काट्याचं मशीन, ज्यात पारा नाही पण स्प्रिंग आहे. ते पडलं, आपटलं की काटा सरकतो, म्हणून ते अधूनमधून तपासून घ्यावं लागतं. आणि दुसरं सेलवरचं स्वयंचलित मशीन, जे आज घरोघर आहे.

या स्वयंचलित मशीनबद्दल एक मोठा गैरसमज आहे. पुष्कळांना वाटतं की त्यात छोटा स्टेथोस्कोप बसवलाय आणि तो ठोके ऐकतो. घरगुती मशीन बहुतेक ऐकत नाहीच. पट्ट्यातली हवा सुटताना धमनीच्या ठोक्यामुळे हवेत बारीक थरथर होते. ही थरथर फ्रान्सच्या मारे यांनी १८७६ मध्येच टिपली होती. थरथर सर्वांत जास्त जिथे होते तो सरासरी दाब. तेवढाच मशीनला खरा सापडतो. वरचा आणि खालचा आकडा ते त्या थरथरीच्या आकारावरून हिशोब करून काढतं. हा हिशोब कसा करायचा ते प्रत्येक कंपनी आपलं आपण ठरवते आणि सहसा सांगत नाही.

म्हणजे बघा, हेल्सच्या नळीत रक्त डोळ्यांना दिसत होतं. रिवा-रोच्चींची नाडी बोटाला लागत होती. कोरोत्कोवांचे ठोके कानाला ऐकू येत होते. आता खोक्याच्या आत काय चाललंय हे आपल्याला ना दिसतं, ना ऐकू येतं. मग विश्वास कशावर ठेवायचा?

८५ माणसांची परीक्षा

याचं उत्तर म्हणून परीक्षा ठरवली गेली. अमेरिकेत १९८७ मध्ये, ब्रिटनमध्ये १९९० मध्ये, मग युरोपात २००२ मध्ये असे वेगवेगळे नियम झाले. २०१८ मध्ये त्या सगळ्यांनी मिळून एकच जागतिक पद्धत मान्य केली. तिचा सारांश असा. किमान ८५ माणसं घ्यायची. त्यांत कमी दाबाची, जास्त दाबाची, बारीक दंडाची, जाड दंडाची, सगळी असायला हवीत. प्रत्येकाचा दाब शिकलेल्या दोन निरीक्षकांनी जुन्या पद्धतीने, कानाने ऐकून मोजायचा, आणि आळीपाळीने मशीननेही मोजायचा. दोन्हींतला सरासरी फरक ५ मिलिमीटरच्या आत आणि त्या फरकाची चढउतार ८ च्या आत असली, तर मशीन पास.

गंमत अशी, की शंभर वर्षांनंतरही परीक्षक कोरोत्कोवच आहेत. मशीन कितीही नवं असो, त्याचा कस लागतो तो कानाने ऐकलेल्या ठोक्यावर.

आता खोक्यावर काय छापलेलं असतं ते बघू. 'अचूकता ±३ मिलिमीटर.' हे वाचून आपण खूश होतो. पण हा आकडा आतल्या दाबमापकाचा आहे. म्हणजे पट्ट्यात १५० चा दाब असेल तर ते १४७ ते १५३ दाखवेल, एवढीच त्याची हमी. तुमच्या धमनीतला दाब हिशोबाने बरोबर निघतो का, ही वेगळी परीक्षा. वजनकाटा बरोबर असणं आणि पोत्यात ज्वारीच आहे हे माहीत असणं या जशा दोन गोष्टी, तसं हे आहे.

आपल्या देशात कायदा या यंत्राकडे वजनमाप म्हणूनही बघतो. वैध मापनशास्त्राच्या २०१३ च्या नियमांत सरकारमान्य चाचणी केंद्रांनी काय काय तपासायचं याची यादी आहे, त्यात वजनं आणि तराजूंच्या पंगतीत रक्तदाबमापकही बसवलाय. औषध नियंत्रणाच्या कायद्याखालीही बीपीची मशीनं आणली गेली आहेत. जुलै २०२१ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने बीपी मशीनसह पाच उपकरणांवरच्या व्यापारी नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घातली. हे सगळं चांगलंच आहे. पण परवाना, किंमत आणि ८५ माणसांची परीक्षा या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. महाग मशीन परीक्षा पास असेलच असं नाही, आणि स्वस्त मशीन नापास असेल असंही नाही.

मग मशीन कोणतं घ्यायचं?

आता तुम्ही ज्यासाठी थांबलात तो भाग. आम्ही कंपनीचं नाव सांगणार नाही, कसं निवडायचं ते सांगू.

पहिलं, घरातून निघण्याआधी शिंप्याच्या टेपने दंडाचा घेर मोजा. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये. तो आकडा कागदावर लिहा. दुकानात आधी पट्ट्यावरचा आकडा वाचा, मशीन नंतर बघा. घेर २२ च्या आत असेल तर लहान पट्टा मागा, मिळत नसेल तर मागवून घ्या. ३२ च्या वर असेल तर मोठा किंवा २२ ते ४२ चा. आणि पट्टा त्याच मशीनसाठी बनवलेला हवा, दुसऱ्या कंपनीचा जोडू नका, कारण हिशोब त्या पट्ट्यावर बसवलेला असतो.

दुसरं, दंडाचंच मशीन घ्या. मनगटाचं सोयीचं वाटतं, पण हात थोडा वरखाली झाला की आकडा हलतो, का ते नळीच्या गणितात पाहिलंच. बोटाचं तर नकोच. आणि बिनपट्ट्याच्या घड्याळांवर अजून औषधाचा निर्णय सोडू नये.

तिसरं, खोक्यावरचा पूर्ण मॉडेल क्रमांक बघा आणि तो परीक्षा पास झालेल्यांच्या यादीत आहे का ते शोधा. 'स्ट्राइड बीपी' नावाची आंतरराष्ट्रीय यादी इंटरनेटवर फुकट बघता येते. एकाच कंपनीचं एक मॉडेल यादीत असतं, दुसरं नसतं. शेवटचं अक्षरसुद्धा जुळायला हवं. घरातल्या कॉलेजच्या पोराला पाच मिनिटांचं काम आहे.

चौथं, घरात गरोदर बाई असेल तर आणखी काळजी घ्या. गरोदरपणात दाब वाढला की काही मशीनं तो कमी दाखवतात, म्हणून त्या यादीत गरोदरपणासाठी तपासलेली मशीनं वेगळी दिलेली आहेत. बेळगाव जिल्ह्यात गोकाकला गरोदर बायांसाठी अशाच एका मशीनचा वापर करून बघितला गेला. त्यात सिग्नलसारखे लाल, पिवळा, हिरवा दिवे होते. आकडा वाचता आला नाही तरी लाल लागला की दवाखान्यात जायचं, हे कळत होतं. आपल्या डोंगरातल्या पाड्यांना असं मशीन किती कामाचं ठरेल, याचा विचार आरोग्य खात्याने जरूर करावा.

पाचवं, वीज. दोन्हींवर चालणारं घ्या, सेलवर आणि अॅडॅप्टरवर. सेल उतरत आले की बदला.

सहावं, घेतल्यावर मशीन घेऊन डॉक्टरकडे किंवा आरोग्य केंद्रात जा. त्यांच्या मशीनवर आणि आपल्या मशीनवर, त्याच हातावर, थोड्या अंतराने दोन-तीनदा मोजा. पाचेक आकड्यांचा फरक चालेल. दहा-पंधराचा सतत येत असेल तर काहीतरी चुकतंय. आणि वर्षातून एकदा हे पुन्हा करा. पहिल्या वेळी दोन्ही हातांवर मोजा. ज्या हातावर जास्त येईल तो पुढे कायमचा.

मशीन बरोबर, पण मोजणारा?

मोजताना चुका आपणही करतो. बाजारातून पिशव्या घेऊन आलो आणि बसल्या बसल्या मोजलं, चहा झाल्या झाल्या मोजलं, मोजता मोजता सुनेला हाका मारल्या. हे सगळं आकडा वाढवतं. पाच मिनिटं शांत बसा. लघवी करून या. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही. पट्टा उघड्या दंडावर, सदऱ्यावर नाही. हात टेबलावर. २०२४ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात हात मांडीवर ठेवल्याने वरचा आकडा सरासरी ३.९ ने, आणि बाजूला सोडल्याने ६.५ ने जास्त आला. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. आवडलेला तेवढा लिहू नका! सात दिवस सकाळ-संध्याकाळ लिहा, पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी डॉक्टरांना दाखवा. घरी मोजताना ती १३५/८५ च्या वर असेल तर दाब वाढलेला समजतात.

आणि वही ठेवा. ऊसतोडीला जाणारं कुटुंब चार-पाच महिने गुजरातेत असतं, तिथला डॉक्टर वेगळा, भाषा वेगळी. वहीतले आकडे मात्र कोणीही वाचू शकतो.

शेवटी थोडं मोठं चित्र. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ वर्षांवरच्या बायांपैकी सुमारे २१ टक्के आणि पुरुषांपैकी २४ टक्के जणांचा दाब वाढलेला होता किंवा त्यांना गोळी चालू होती. चार-पाच माणसांत एक. २०१७ मध्ये देशाचा उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातून पहिल्यांदा भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे होते. त्याची रीत साधी: चांगलं डिजिटल मशीन, ठरलेल्या मोजक्या गोळ्या, आणि प्रत्येक माणसाची नोंद. आता ३० वर्षांवरच्या प्रत्येकाची तपासणी आरोग्य केंद्रात फुकट होते. तेव्हा ज्यांना मशीन परवडत नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. घरातल्या चुकीच्या मशीनपेक्षा आरोग्य केंद्रातलं बरोबर मशीन केव्हाही चांगलं. फक्त तिथे सिस्टरना किंवा आशाताईंना एवढं नक्की विचारा, "ताई, माझ्या दंडाला हा पट्टा बरोबर आहे ना?"

रागावणार नाहीत त्या. उलट आरोग्य केंद्रात लहान पट्टा नसेल तर आपल्या विचारण्यामुळेच तो मागवला जाईल. हा प्रश्न १९०१ मध्ये रेकलिंगहाउझेन यांनी विचारला होता. तळोद्यात तो आपण विचारायचा आहे.

आमच्या आईकडे आता लहान पट्टा आहे आणि गोळी चालू आहे. ती अजूनही म्हणते, "आधीचंच मशीन चांगलं होतं, कमी दाखवायचं." (हशा)

टेप इथे टेबलावर ठेवलाय. जाता जाता प्रत्येकाने आपल्या दंडाचा घेर मोजून जा, आणि घरी गेल्यावर म्हाताऱ्या माणसांचाही मोजा.